बेदाण्याच्या टेबलावरची जहाजं

राजमतीअक्का केर चाळून टाकायच्या. रोज दिवस कलायला लागला की टेबलावरचा भुगा, दोऱ्यांची टोकं, पॉलिश पेपरची धूळ असं सगळं त्या मऊ ब्रशनं परातीत ओढायच्या. मग ओसरीत बसून चाळणीनं चाळायच्या. वर काय राहिलं ते बोटानं चिवडून बघायच्या आणि मगच केर बाहेर जायचा.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या हेच करत होत्या. मी साताऱ्याहून पलूसच्या कॉलेजात नोकरीला आले होते आणि भाड्यानं खोली शोधत होते. कुणीतरी चौगुल्यांचं घर दाखवलं. ओसरीत सुती नऊवारी नेसलेली, साठी ओलांडलेली बाई चाळणीत डोकं घालून बसली होती. मला वाटलं, गहू चाळताहेत. जवळ गेले तर चाळणीत लाकडाचा कीस.

"खोली बघायला आलाय व्हय? बसा जरा," त्या मान वर न करता म्हणाल्या. "शिडीची पायरी हरवलीया. घावली की दावतो खोली."

इकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो, मी दावतो' असंच बोलतात. मला त्याचीही तेव्हा सवय नव्हती. आणि शिडीची पायरी चाळणीत कशी हरवते, हे तर कळेचना. थोड्या वेळानं त्यांनी बोटाच्या टोकावर काहीतरी उचलून माझ्यापुढं धरलं. तांदळाच्या कणीएवढा लाकडाचा तुकडा होता.

"आमी पाणी गाळून पितो," त्या म्हणाल्या. "मग केर गाळून टाकायला काय झालं?"

अक्का जैन. नवरा वारलेला, द्राक्षाची बाग वाट्यानं दिलेली. मुलगा अभय मालवाहू जहाजावर इंजिनिअर, महिनोन्‌महिने समुद्रावर. घरात अक्का आणि सून वैशाली, दोघीच. वैशाली गावातल्या पतसंस्थेत नोकरी करायची. खोली मला मिळाली, पण मी दिवसातला रिकामा वेळ त्यांच्या पुढच्या खोलीतच काढू लागले. कारण तिथं ते टेबल होतं.

पूर्वी त्यावर बेदाणा निवडायचे. लांबच लांब, कडेला बोटभर उंच पट्टी ठोकलेली, म्हणजे बेदाणा खाली सांडू नये. आता त्यावर जहाजं बांधली जायची. मिसळणाच्या डब्याच्या वाट्यांत जिरं-मोहरीऐवजी कप्प्या, खिळे, बारीक कड्या होत्या. बांगड्यांच्या स्टँडवर दोऱ्यांची रिळं जाडीप्रमाणं लावलेली. रंगाच्या डब्या उभ्या, आणि प्रत्येकीच्या झाकणावर आतल्या रंगाचा ठिपका. पॉलिश पेपर कपड्यांच्या चिमट्यात अडकवून तारेवर टांगलेले. टेबलाच्या मधला हातभर भाग मात्र कायम मोकळा. तिथं काही ठेवलेलं त्यांना चालत नसे.

"एवढी जागा मोकळी कशाला?" मी विचारलं होतं.

"कामाला बसायला नगो? सामानानंच समदी जागा धरल्यावर कामानं उभं ऱ्हायाचं काय?"

समुद्र त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिला होता, दक्षिणेत यात्रेला गेल्या होत्या तेव्हा, तोही चालत्या बसमधून. मग पलूसमध्ये बसून ही बाई जहाजं का बांधते, हे कुतूहल मला गप्प बसू देईना. मी बरेच दिवस आडून आडून विचारलं. शेवटी वैशालीनंच सांगितलं. अभय पहिल्यांदा जहाजावर गेला तेव्हा अक्का फोनवर त्याला रोज विचारायच्या, झोपतोस कुठं, जेवतोस कुठं, स्वयंपाकघर कुठल्या अंगाला हाय. तो सांगून सांगून दमला. रजेवर येताना त्यानं परदेशातून एक खोकं आणलं. आत मालवाहू जहाजाचे सुटे तुकडे होते. जोडा आणि बघा, म्हणाला.

अक्कांनी ते पावसाळाभर जोडलं. इंजिनाची खोली बसवताना त्यांच्या लक्षात आलं की ती पाण्याच्या रेघेच्या खाली येते. हातातलं काम ठेवून त्या वैशालीकडं आल्या आणि म्हणाल्या, "आगं, माझं पोरगं पाण्याखाली काम करतंय व्हय? बोलला न्हाई कवा." त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा टेबलावर बसल्या. तेव्हापासून एक झालं की दुसरं. अभय प्रत्येक रजेला खोकं आणायचा. मालवाहू झालं, मासेमारीचं झालं, मग शिडाची गलबतं.

कामाचा त्यांना डामडौल नव्हता, पण शिस्त कडक होती. एक वस्तू जागेवर ठेवल्याशिवाय दुसरी उचलायची नाही. "हाताला इचारायला लागू न्हाई," असं त्या म्हणायच्या. म्हणजे डोळे कामावर असताना हात आपोआप लाकूड घासायच्या कानशीवर जायला हवा, 'कुठं ठेवलीस' असं त्यानं विचारायला नको. लाकूड चिकटवायला सरस त्या वापरत नसत, हाडांचा असतो म्हणून. पांढरा गोंद वापरायच्या आणि त्याच्या बाटलीचं तोंड रोज ओल्या फडक्यानं पुसायच्या, मुंग्या येऊन अडकायला नकोत म्हणून. सूर्य मावळायच्या आत त्यांचं जेवण असायचं, तेव्हा त्याच्याही आधी टेबल आवरलेलं असे.

वैशाली बरोबर उलट. घाईची, मोकळी, हाताला येईल त्यानं काम भागवणारी. एकदा तिनं दुधाची पिशवी कापायला अक्कांची बारीक कात्री नेली आणि ओट्यावर विसरली. मला वाटलं, आता दोघींचं वाजणार. अक्कांनी खडू घेऊन टेबलावर कात्रीच्या जागी कात्रीची आकृती काढली आणि जागा तशीच रिकामी ठेवली. वैशाली येता-जाता ती आकृती बघायची. संध्याकाळी तिनं मुकाट्यानं कात्री धुऊन, पुसून आणून ठेवली.

"बोलला असता तर लगेच दिली असती की, आत्या," ती म्हणाली. इकडं सासूला आत्याच म्हणतात.

"बोललं की माणूस भांडत बसतंय," अक्का म्हणाल्या. "मोकळ्या जागेशी कोण भांडंल?"

मी दिवाळीला साताऱ्याला गेले होते तेव्हा वैशालीचा फोन आला. सकाळी देवदर्शनाहून आल्यावर अक्का उंबऱ्यातच बसल्या आणि उठल्या नाहीत. उजवी बाजू गेली होती. सांगलीच्या दवाखान्यात जीव वाचला. मी सुट्टी संपवून परत आले तोवर त्यांना घरी आणलं होतं.

पुढच्या खोलीत पाऊल टाकलं आणि मला क्षणभर घर चुकल्यासारखं वाटलं. टेबल भिंतीला उभं करून ठेवलेलं. त्याच्या जागी दवाखान्यासारखी लोखंडी कॉट. कॉटखाली खताची दोन पोती, तोंडं सुतळीनं बांधलेली. वैशालीनं आणि तिच्या भावानं एका दुपारी टेबलावरचं सगळं त्यात भरलं होतं. दुसरी खोली अरुंद, कॉट तिथं मावत नव्हती आणि अक्कांना घेऊन गाडी सांगलीहून निघाली होती. ती तरी काय करणार?

अक्का शुद्धीवर होत्या, ओळखत होत्या. मला बघून डाव्या हातानं जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "मीठ."

मी मीठ आणायला उठले. वैशालीनं खुणेनं मला थांबवलं. अक्कांचे शब्द गेले होते, एवढा एकच राहिला होता. पाणी हवं असलं तरी मीठ, पंखा लाव म्हणायचं असलं तरी मीठ. फोनवर अभयचा आवाज आला की त्या फोन कानाशी घट्ट धरायच्या आणि किती तरी वेळ वेगवेगळ्या सुरात मीठ, मीठ म्हणत राहायच्या. आपण चुकीचं बोलतोय हे त्यांना कळत होतं. तेच वाईट होतं. मग त्यांनी बोलणंच सोडलं.

बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, चित्रं दाखवा, नावं म्हणवून घ्या. वैशाली पतसंस्थेतून आली की हत्ती, आंबा, छत्री अशी चित्रं घेऊन बसायची. अक्का पहिले दोन-तीन दिवस बघत राहिल्या. नंतर चित्र पुढं आलं की तोंड भिंतीकडं फिरवायच्या. आयुष्यभर घर चालवलेल्या बाईला बालवाडीत बसवल्यासारखं ते होतं. वैशाली बाहेर येऊन माझ्याकडं रडली. "त्यांनी असंच पडून राह्यचं ठरवलंय, मॅडम. मला दिसतंय ते."

एका रविवारी आम्ही दोघी चादर बदलत होतो. अक्कांना खुर्चीत बसवलं होतं. कॉट सरकवली आणि खालची पोती दिसली. अक्कांनी डावा हात पुढं केला. वैशालीला वाटलं पाणी हवंय. त्यांनी भांडं बाजूला सारलं आणि पोत्याकडं बोट धरलं, तसंच धरून ठेवलं.

वैशालीचा चेहरा उतरला. पण तिनं सुतळी सोडली आणि जमिनीवर चादर पसरून पोतं ओतलं. सगळा गुंता बाहेर पडला. दोऱ्यात अडकलेली कप्पी, रंग सांडून चिकटलेल्या डब्या, मोडलेली डोलकाठी, त्यात मिसळणाचा डबा उपडा. अक्का किती तरी वेळ त्या ढिगाकडं नुसत्या बघत होत्या. मग त्यांनी खाली बसवा अशी खूण केली.

आम्ही त्यांना भिंतीला टेकवून बसवलं. डाव्या हातानं त्यांनी ढिगातून एक वस्तू ओढली, मांडीवर पुसली, डोळ्यांजवळ नेली. ओठ हलले. काही आलं नाही. पुन्हा हलले.

"कानस," त्या म्हणाल्या.

वैशालीनं माझा हात घट्ट धरला. अक्कांनी कानस उजव्या बाजूला ठेवली आणि दुसरी वस्तू उचलली. ती कात्री होती. "मीठ," त्या म्हणाल्या, स्वतःच मान हलवली, आणि कात्रीही बाजूला ठेवली.

त्या दिवसापासून चित्रं कपाटात गेली. रोज संध्याकाळी चादर पसरायची, थोडासा ढीग ओतायचा, अक्का निवडायच्या. बेदाणा निवडावा तशा. खिळ्यात खिळे, कड्यांत कड्या. एखाद्या वस्तूचं नाव यायचं, एखादीचं यायचं नाही, आज आलेलं उद्या पुन्हा जायचं. शब्द विचित्र क्रमानं परतले. 'पाणी'च्या आधी 'शीड' आलं, 'भाकरी'च्या आधी 'नांगर'. बोलणं शिकवणाऱ्या बाईंनाही त्याचं नवल वाटलं. मला मात्र सारखं वाटत राहिलं की डोक्यातही कुणीतरी सगळं घाईनं पोत्यात भरलं होतं, आणि अक्का तेच एकेक उचलून जागेवर लावताहेत.

पोती रिकामी होत आली त्या सुमाराला वैशालीच्या तोंडून ते निघालं. ती गुंता सोडवत होती, मान खाली.

"आत्या, हे मीच भरलं पोत्यात. तुम्हाला विचारायला पाहिजे होतं."

अक्का थांबल्या. शब्द शोधायला त्यांना वेळ लागायचा आणि आम्ही मध्ये बोलत नसू.

"भरलंस," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ गेला. "टाकलं... न्हाईस."

वैशाली उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

अभय रजेवर आला तेव्हा त्यानं टेबल पुन्हा खिडकीशी मांडलं आणि त्यावर सगळं पूर्वी होतं तसं, अगदी आठवून आठवून लावलं. आईला चाकाच्या खुर्चीतून जवळ आणलं. अक्कांनी मुलाच्या गालावर हात ठेवला. नंतर त्याच्यासमोरच एकेक वस्तू उचलून दुसऱ्या बाजूला न्यायला सुरुवात केली. अभयला वाटलं, आईचं डोकं अजून ठिकाणावर नाही. वैशालीच म्हणाली, "अहो, त्या आता डाव्या हातानं काम करणार आहेत. हाताला विचारायला लागू नये म्हणून." त्यानं सगळं उचलून आरशात दिसावं तसं उलट लावलं.

माझी साताऱ्याला बदली झाली. नंतर सवड मिळेल तसं मी पलूसला जात राहिले. अक्का शिडाचं एक मोठं गलबत करत होत्या. एका हातानं दोराला गाठ बसत नाही, म्हणून वैशाली संध्याकाळी आली की त्यांच्या उजव्या अंगाला बसायची. ती टोक धरायची, अक्का गाठ मारायच्या. वैशालीच्या बाजूला टेबलावर चहाचा कप, मोबाईल, केसांचा चाप, दोऱ्यांचा गोळा असा सगळा पसारा असायचा. एकदा ती आत गेल्यावर मी हळूच विचारलं, "तिला काही बोलत नाही तुम्ही?"

अक्का त्या पसाऱ्याकडं बघत राहिल्या. "तिला... घावतंय की," त्या म्हणाल्या.

गेल्या उन्हाळ्यात अक्का गेल्या. दुपारी झोपल्या त्या उठल्या नाहीत. मी काही दिवसांनी भेटायला गेले तेव्हा अभय आलेला होता. पुढच्या खोलीत गलबत तसंच होतं, पुढच्या दोन डोलकाठ्यांचे दोर ताणून बांधलेले, मागच्या डोलकाठीचे लोंबत होते. अभय म्हणाला, सांगलीहून काचेची पेटी करून आणतो, आईची आठवण म्हणून इथंच भिंतीशी ठेवू.

"पेटी नको एवढ्यात," वैशाली म्हणाली. "काम चालू आहे त्याचं."

तिनं हात धुऊन पदराला पुसले, खुर्ची ओढली आणि अक्कांच्या जागेवर, खिडकीशी बसली. लोंबणाऱ्यातला एक दोर निवडून घेतला.

"अहो, इकडं या," ती नवऱ्याला म्हणाली. "हे टोक धरा. ढिलं सोडू नका."