कोमट म्हणजे किती

प्रिय अनू आणि शेखर,

अनूच्या पत्रात तक्रार आहे की तिकडे तिचं दही लागत नाही. पुस्तकात लिहिलंय तसं दूध कोमट करते, विरजण घालते, आणि सकाळी पाहावं तर पांढरं पाणी. खाली शेखरनं लिहिलंय, दोष दुधाचा. अनू म्हणते, थंडीचा. दोघांनी मला निवाडा करायला सांगितलाय. तो करीन, पण त्याआधी एका माणसाबद्दल सांगायला हवं. इतकी वर्षं सांगितलं नाही ते केवळ आळसानं. आता त्यांना पाहिलेलं माझ्याशिवाय कुणी उरलं नाही, म्हणून आजच लिहायला बसले.

ते आमच्या गल्लीतले मास्तर. एका वेळी दोन गोष्टी बदलायला इतका भिणारा माणूस अख्ख्या करवीर संस्थानात दुसरा झाला नसेल. नवा फेटा घेतला की पुढचे पंधरा दिवस वहाणा जुन्याच. दोन्ही एकदम नवं घातलं आणि लोक जास्त वाकून रामराम करायला लागले, तर तो मान फेट्याचा की वहाणांचा हे कळणार कसं, असा त्यांचा प्रश्न. डोकं दुखलं तर सुंठ तरी उगाळून लावायची, नाहीतर झोपायचं तरी. दोन्ही केलं तर बरं कशानं वाटलं त्याचा पत्ता लागत नाही, म्हणून ते बरं वाटणंच त्यांना मान्य नसे. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, हातून एकदा आमटीत मीठही जास्त पडलं आणि तिखटही. मास्तर ताटावर हात धरून बसले. "आता मी दोष कुणाला देऊ?" काकू म्हणाल्या, "मला द्या आणि जेवा." तालमीतल्या एका नावाजलेल्या पैलवानाला त्यांनी विनवलं होतं की महिनाभर बदाम सोडा, दूध, झोप, जोर-बैठका सगळं आहे तसंच ठेवा, म्हणजे ताकद बदामात आहे की नाही ते कळेल. पैलवान म्हणाला, "सोडतो की. पण त्या म्हैन्यातल्या कुस्त्या तुमी धरायच्या." तो प्रयोग राहून गेल्याची खंत मास्तरांना कायम होती.

रविवारी सकाळी गल्लीतली आम्ही सात-आठ पोरं त्यांच्या कट्ट्यावर जमत असू. मोड कशानं येतात हे शोधायला त्यांनी एकदा आम्हाला मूठमूठ मटकी वाटली. मी माझी ओल्या फडक्यात बांधून उन्हात टांगली, शेजारच्या धोंडूनं कोरड्या फडक्यात सावलीला ठेवली. मोड दोघांच्याही मटकीला आले नाहीत आणि आम्ही ऊन की पाणी यावरून हातघाईवर आलो. मास्तरांनी दोघांचीही मटकी कोंबड्यांना घातली. "दोन चोर एकदम पळाले तर माल कुणाकडे, सांगता येईल का? एकालाच पळू द्या. दुसरा बांधून ठेवा." तेव्हापासून प्रत्येक प्रयोगाआधी ते विचारायचे, "बदललं काय?" आम्ही एकच गोष्ट सांगायची. मग ते विचारायचे, "आणि बाकी?" आणि आम्ही पाढ्यांच्या वर आवाज काढून ओरडायचं, "तसंच." उपकरणं म्हणाल तर कुंभारणीकडून आणलेली सहा बोळकी आणि दवाखान्यातून मागून आणलेली ताप बघायची काचेची नळी. ती नळी त्यांनी एकदा उकळत्या कटाच्या आमटीत बुडवली. नळी फुटली, पारा पातेल्यात गेला, काकूंनी आमटी उकिरड्यावर ओतली आणि मास्तरांना चुलीपुढे यायची कायमची बंदी केली. पुढे जे झालं ते त्या फुटलेल्या नळीमुळेच झालं, म्हणून हे सांगितलं.

मुलींनी शिकावं असं महाराज म्हणत असत. पण आमच्या घरात राज्य माझ्या आजीचं होतं. वडिलांनी हट्टानं मला दिवाळीनंतर शाळेत घातलं तेव्हा तिनं एक अट घातली. शाळा शिकली तरी दही लावाय आलं पाहिजे; रोज संध्याकाळी विरजण चंपा घालणार. आजीचं दही सुरीनं कापावं असं लागायचं, विरजण मागायला चार गल्ल्यांतून बाया यायच्या. माझ्या हाती ते काम आलं आणि दही पातळ व्हायला लागलं. पौषात तर ते भांड्यात हिंदकळायचं. आजीनं निकाल दिला, "शाळंत गेली आन् हाताचा गुण गेला. संक्रांतीपतोर बघणार, मग पाटी चुलीत." शाळेचा हट्ट सोडला तर वडील जन्मात तिच्यापुढे बोलले नव्हते. मी रडत मास्तरांकडे गेले.

मास्तर आमच्या घरी पुढच्या सोप्यात येऊन बसले. म्हणाले, "आजी, तीन गोष्टी एकदम बदलल्यात. पोरगी शाळेत गेली, विरजणाचा हात बदलला आणि थंडी पडली. तुम्ही एकट्या शाळेलाच सुळावर कसं देता?"

आजी म्हणाली, "मग ठिवू की शाळा बंद आठ दिस. बाकी तुमचं ते, तसंच."

प्रयोग बिनचूक होता. मास्तर मला म्हणाले, "चंपे, आठ दिवस घरी बस." मला वाटलं, हेही फिरले. आठ दिवस मी घरी बसले, रोज दही लावलं आणि ते रोज पाणी झालं. मास्तर म्हणाले, "शाळा सुटली यातून." आजी म्हणाली, "शाळंचं वारं अजून आंगात असंल. आन् हाताचं काय?"

मग सहा बोळकी आली. तीन आजीची, तीन माझी. माझ्या तिन्हींवर मास्तरांनी खिळ्यानं एकेक रेघ ओढली. दूध एका म्हशीचं, विरजण एका वाटीतलं, चिमूट सारखी, सहाही बोळकी एकाच घोंगडीखाली. दूध कोमट झालं की घालायचं, हे दोघींना सांगितलं. सकाळी सगळी पोरं सोप्यात. आजीची तिन्ही घट्ट, माझी तिन्ही पाणी. मास्तरांचा चेहरा उतरला, पण त्यांनी पाटीवर जसंच्या तसं लिहिलं. धोंडू हळूच म्हणाला, "पुसा की मास्तर, चंपीची शाळा जाईल." मास्तर म्हणाले, "आवडलं नाही म्हणून उत्तर पुसायचं नसतं रे." मग नेहमीसारखं विचारलं, "बदललं काय?" आम्ही म्हणालो, "हात." "आणि बाकी?" "तसंच." पण या वेळी ते तिथे थांबले नाहीत. दूध तसंच? विरजण तसंच? घोंगडी तशीच? "आणि कोमट?"

चुलीवर दूध ठेवलं, उतरवलं. बघायला नळी उरली नव्हती, म्हणून आजीनं बोट बुडवून सांगितलं, "झालं बग कोमट." मी बोट घातलं आणि ओरडून बाहेर काढलं. पुष्कळ वेळानं मी म्हणाले, "आता कोमट." आजीनं बोट घातलं. "हे? हे तर आडाचं पाणी हाय." चाळीस वर्षं तव्यावरची भाकरी उघड्या हातानं उलटून तिच्या बोटांना आच लागेनाशी झाली होती. शब्द एकच होता, दुधं दोन होती.

त्या संध्याकाळी अदलाबदल केली. आजीच्या कोमट दुधात मी विरजण घातलं, माझ्या कोमट दुधात आजीनं. सकाळी माझं दही उभं राहिलं आणि आजीचं वाहिलं. आजीनं बोळकं तिरपं करून पाहिलं, मग आपला हात उलटासुलटा करून पाहिला. "म्हंजे गुण माजा बी गेला म्हणायचा." उठता उठता ती म्हणाली, "जाऊ दे शाळंला. पण कोमट मी सांगीन."

मास्तरांचं समाधान मात्र झालं नव्हतं. आजी 'कोमट' म्हणाली की माझं बोट दुधात किती आकडे सोसतं ते त्यांनी पाच दिवस मोजलं. उत्तर आलं, पाच. "चंपाचे पाच म्हणजे आजीचं कोमट," असं त्यांनी पाटीवर लिहून दिलं. पुढे मी मॅट्रिक झाले तेव्हा सगळ्यांनी लुगडी दिली, मास्तरांनी ती बोळकी आणून दिली. त्यानंतर त्यांची बदली गगनबावड्याला झाली. तिथून पत्र यायचं की चारही महिने घरात काही वाळत नाही, काही टिकत नाही, पाऊस बाकी काहीच तसंच ठेवू देत नाही. एका पावसाळ्यात पत्रं यायची थांबली.

तेव्हा निवाडा असा. दोष दुधाचा नाही आणि थंडीचाही नाही; तो पुस्तकातल्या 'कोमट'चा आहे. माझे पाच तू घेऊ नकोस, अनू. ज्या दुधात दही घट्ट लागतं त्यात परवा मोजून पाहिलं, आता मला वीस सोसतात. तू तुझ्या बोटानं मोज, रोज एकेक आकडा बदल, बाकी तसंच ठेव. आकडे लिहायचं काम शेखरनं करावं.

मास्तरांचा फोटो कुणी काढला नाही. पाटी फुटली. बोळकी सहा होती, त्यातलं रेघ असलेलं एक माझ्याजवळ आहे.