ड्रॉवरमधली कॉपी

उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात त्याचं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गेली सात-आठ वर्षं मी अंबरनाथहून त्याच्याकडेच जातो. तो गिऱ्हाइकाशी मराठीत बोलतो आणि मशीनशी हिंदीत. काम सुरू करण्याआधी बोटातली अंगठी काढून खिशात ठेवतो, आणि काम संपेपर्यंत गिऱ्हाइकाकडे बघत नाही.

परवा माझा लॅपटॉप सुरूच होईना. त्याने सिस्टीम नव्याने टाकायला घेतली, तर स्क्रीनवर आलं की डिस्क लॉक आहे. "मान जा बेटा," म्हणत त्याने दोन बोटांनी बऱ्याच कमांड मारून पाहिल्या. शेवटी म्हणाला, "सर, पूर्ण पुसावी लागेल. त्याशिवाय पुढे जात नाही."

त्या डिस्कवर मुलीचे लहानपणीचे फोटो होते. शिवाय दोन वर्षांपूर्वी लिहिलेला, कंपनीत कधीच न दिलेला आणि घरीही न दाखवलेला माझा राजीनामा होता.

त्याने ड्रॉवरमधून एक हार्ड डिस्क काढली. "गेल्या वर्षी तुम्ही आलेलात ना, तेव्हा कॉपी मारून ठेवलेली. सगळ्यांचीच ठेवतो. उघडून बघत नाही कधी."

मला न विचारता कशी ठेवलीस, असं म्हणणार होतो. पण फोटो परत मिळत होते, म्हणून थँक्यू म्हणालो.

संध्याकाळी लॅपटॉप माझ्या हातात देऊन त्याने अंगठी बोटात चढवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"अजून त्याच कंपनीत ना, सर? सोडली नाहीत, बरं केलंत."