फुकटच्या दिवसाची फाईल

शिकागोजवळच्या शॉमबर्गचा मकरंद पेठकर कागदपत्रांच्या झेरॉक्सशिवाय घराबाहेर पडत नसे. २००८ साल होतं. टीममधल्या दोघांच्या नोकऱ्या गेल्या होत्या आणि त्याचं स्वतःचं व्हिसाचं एक्स्टेन्शन अडकलं होतं. तरी लेकीला शिकागो दाखवायचंच होतं, म्हणून त्याने नेमका तो रविवार निवडला, ज्या दिवशी इलिनॉयच्या रहिवाशांना म्युझियम फुकट असतं. पोळीभाजीचे रोल घरचे आणि पाणीही घरचं.

म्युझियमच्या दारातल्या बाईने विचारलं, "राहता कुठे?"

मकरंदने घाईघाईने सॅक उतरवली. सॅकमधून जाडजूड फाईल निघाली. पासपोर्ट, कंपनीचं पत्र, लाईट बिलं, लेकीचा जन्मदाखला. मागे रांग खोळंबली.

"अरे, लायसन्स दाखव ना," बायको आसावरी कुजबुजली.

"ते व्हिसाबरोबरच एक्स्पायर झालंय," तो दातओठ खात म्हणाला. एक कागद खाली पडला.

तेवढ्यात सहा वर्षांची शिवांगी म्हणाली, "शॉमबर्ग."

बाईने हसून तिघांच्या हातांवर शिक्के मारले.

आत डायनोसॉरच्या सांगाड्याखाली शिवांगीने विचारलं, "बाबा, व्हाय डिडन्ट यू जस्ट टेल हर?"

मकरंदने फाईल सॅकमध्ये ठेवली. चेन लावून झाली, तरी त्याचा हात सॅकवरून निघाला नाही.