खांडीवरचा रॅप

मला पत्रकं लिहिता येतात. ‘जाहीर निषेध’, ‘धिक्कार असो’, ‘बंधुभगिनींनो, जागे व्हा’, हे सगळं मी झोपेतही जागच्या जागी बसवीन. पण खारेपाटात, आमच्या या खाडीकाठच्या भागात, वाटलेल्या पत्रकांचं पुढे काय होतं तेही मी पाहिलंय. रेवसच्या जेट्टीवर लोक त्यावर बसून लाँचची वाट बघतात. वाचून टाकून दिलं तर समजू शकते. न वाचता खाली अंथरायचं?

मुद्दा साधा होता. खाडीचं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून आमच्याकडे मातीचा लांबलचक बांध असतो, बाहेरकाठा. तो माझ्या आत्याच्या शेतासमोर फुटला. अशा फुटीला आम्ही खांड म्हणतो. पूर्वी खांड पडली की घरटी एक माणूस सुकतीला, म्हणजे ओहोटीला, चिखलात उतरायचा आणि भरतीच्या आत ती बुजवायचा. शेत कुणाचं हे विचारायचं नाही, अशी रीत. आता अर्धा गाव बंदराच्या ट्रेलरवर कामाला आणि उरलेला अर्धा जमिनीचा भाव कधी फुटतो याकडे डोळे लावून. गावातलाच एक शेठ जमिनी गोळा करत होता. खारावलेली जमीन त्याला स्वस्तात मिळते, मग खांड बुजावी असं त्याला कशाला वाटेल?

आत्याने मला सरळ सांगितलं, पावसाआधी खांड भरली तर पेरीन, नाहीतर शेठच्या कागदावर सही करीन. एकट्या बाईने किती वाट बघायची? मी आणखी एक पत्रक लिहिलं.

त्या दिवसांत मी मोबाइलवर आफ्रिकेतले रॅपर ऐकत होते. सेनेगलची पोरं वोलोफ या घरच्या बोलीत सरकारला जाब विचारत होती, तरुणांना मतदार यादीत नाव घाला म्हणून सांगत होती. नैरोबीची पोरं रस्त्यावरच्या मिसळ बोलीत पोलिसांच्या हप्त्यांवर बोलत होती. सबटायटल वाचून माझा जीव नुसता तळमळायचा. ज्या बोलीला शाळेत हसतात त्याच बोलीत ती माणसं मंत्र्याला नाव घेऊन विचारतात, आणि आमच्या आगरी बोलीत काय वाजतं? नवरीची साडी आणि दादाची गाडी. बस.

माझा मावसभाऊ बंदरातले कंटेनर ओढतो आणि हळदीची गाणी बनवतो. मी त्याला ती आफ्रिकन गाणी ऐकवली आणि खांडीवर रॅप लिहून दिला. त्यात ‘भूसंपादन’ होतं, ‘भांडवली षड्‌यंत्र’ होतं. त्याने एकदा म्हणून बघितलं आणि कागद परत दिला.

“बाय, याच्यावर कोन नाचंल?”

नाचायला लिहिलेलंच नाही, मी म्हटलं. तो म्हणाला, मग तूच गा. शिवाय शेठच्या गाड्यांवरच त्याच्या फेऱ्या चालायच्या, हेही त्याने ऐकवलं. मी त्याला घाबरट म्हटलं. आठ दिवसांनी त्याने एक गाणं पाठवलं. माझा एकही शब्द त्यात नव्हता. आत्या जे बडबडते तेच होतं, मधे मधे प्रश्न, ‘खांड कोनाची?’, आणि पोरांच्या घोळक्याचं उत्तर, ‘आमची!’ शेठचं नाव नव्हतं. मला राग आला आणि अंगावर काटाही आला.

गाणं पसरलं. एवढं पसरलं की गावातल्या एका हळदीला बेंजो पार्टीने ते उचललं. बेंजोवर शब्द नसतात, नुसती चाल. संध्याकाळी मांडवात सगळा गाव नाचत होता आणि खांडीतून खारं पाणी आत येतच होतं. मी पत्रकं वाटायला लागले. नवऱ्यामुलाच्या काकाने त्यावर वेफर वाढले. चाल प्रश्नाच्या जागी थांबली की मांडव ओरडायचा, “आमची!” सगळ्यात पुढे, अंगभर हळद, दोन्ही हात वर करून ओरडत होता तो शेठ. मला तिथेच माइक हिसकावून घ्यायचा होता. भावाने माझा हात धरून ठेवला.

तेवढ्यात आत्या मधे गेली. बेंजोवाल्याला हातानेच थांबवलं.

“आमची म्हनतोस ना?” ती शेठला म्हणाली. “तुझा पन घर हाय गावात. रविवारी सुकतीला ये. घरटी एक मानूस.”

कुणीतरी मागून म्हणालं, शेठ, फावडा हाय ना घरात, का विकलास? मांडव हसला. शेठही हसला. भर मांडवात, हळदीच्या अंगाने, नाही कसं म्हणणार? येतो म्हणाला.

रविवारी लोक आले ते आधी शेठ येतो का ते बघायला. मी कडवट बोलतेय, पण तसंच होतं. शेठ पांढऱ्या कपड्यांत काठावर आला आणि आपल्या बदली दोन मजूर पाठवले म्हणून सांगू लागला. पण तोवर बायकांची रांग लागली होती, चिखलाची घमेली हातोहात जात होती, आणि बघायला आलेल्यांना नुसतं उभं राहायची लाज वाटू लागली. भरती लागायच्या आत खांड बुजली. ओबडधोबड बुजली.

पाणी चढून नव्या मातीला टेकलं तेव्हा भावाचा फोन वाजला. शेठच्या मुकादमाचा. उद्यापासून गाडीवर येऊ नकोस. त्याने चिखलाच्या हाताने फोन खिशात टाकला आणि मला विचारलं, “त्या आफ्रिकेच्या पोरांचा पुढं काय झाला?”

मी खरं ते सांगितलं. काही तुरुंगात गेले, काही देश सोडून गेले, काही मंत्र्यांच्याच सभेत गाऊ लागले, काही अजून गातात. त्याने मान हलवली. मी त्याच्यासाठी दुसरी गाडी बघते म्हणाले, आणि अजून बघतेय. कुठे मिळत नाहीये.

आत्याने सही केली नाही. यंदाचं भात बेताचंच येईल, मीठ एका पावसात धुऊन जात नाही, हे तिला माहीत आहे. शेठचा माणूस परत आला तेव्हा तिने त्याला चहा पाजला आणि पेरणीचं बी कुठे चांगलं मिळेल ते विचारलं.