चार दिवस बाहेर बसवलेली मांजर

जमुना माझी धाकटी जाऊ. तिच्याबद्दल चांगलं बोलणारी माणसं हिवरखेडात ढिगानं आहेत, म्हणून मी कधी बोलले नाही. ती अंगणवाडीत मदतनीस आहे. रडणारं पोर तिच्या कडेवर गेलं की गप्प होतं. घरी स्वयंपाक मी करायचे, पण भाजीला चव आली की सासूबाई विचारायच्या, "आज जमुनानं केली काय?" माझ्या पोटात दुखायचं. खोटं कशाला बोलू?

सगळ्यात जास्त लागलं ते मांजरीचं. सोनीला पातूरहून, माझ्या माहेरून, पिशवीत घालून मी आणलं. कापसाच्या बोळ्यानं दूध मी पाजलं. मोठी झाली आणि जाऊन बसली जमुनाच्या मांडीवर. आयत्या बिळावर नागोबा.

गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी सोनी ओट्यावरून उठली, तर खाली रक्ताचे थेंब. पहिल्यांदा मीच पाहिले. आमच्या घरात बायका अजून चार दिवस मागच्या खोलीत बसतात. मी सासूबाईंना म्हटलं, "मांजर बाहेरची झाली वाटते."

"मांजरीले कुठं असते तसं?" जमुना म्हणाली.

"कावून? तिची जात बाईचीच ना?" सासूबाईंनी निकाल दिला. पोतं अंथरून सोनीला मागच्या खोलीत कोंडलं. चार दिवस जमुनाची मांडी रिकामी राहणार, याचं मला बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दूध ठेवायला गेले. कालचं दूध तसंच होतं, पाण्याची वाटी मात्र कोरडी. पोट टम्म फुगलेलं, खोलीत घाण वास. मी दार लावलं आणि कोणाला काही बोलले नाही. बोलले असते तर जमुना धावली असती, आणि सोनी पुन्हा तिची झाली असती.

दुपारी जमुना अंगणवाडीतून आली ती विटाळ न मानता सरळ आत शिरली. सोनीला टोपलीत घालून अकोल्याला निघाली. सगळा मोठेपणा तिला एकटीला मिळू नये म्हणून मीही एसटीत चढले.

तिथल्या जनावरांच्या दवाखान्यात रश्मी डॉक्टरांनी सोनीचं पोट दाबून पाहिलं. "मांजरीले बाईसारखी पाळी येत नाई. माजावर आली तर ओरडते, लोळते, रगत जात नाई. रगत दिसलं की त्याच दिवशी दाखवा लागते. हिच्या गर्भपिशवीत पू झाला. आताच ऑपरेशन करा लागन. वाचन का नाई, सांगता येत नाई."

बाहेरच्या बाकावर जमुनानं मला विचारलं, "ताई, सकाळी दूध तुमीच ठेवलं ना? पोट दिसलं नाई?"

"दिसलं," मी म्हणाले.

तिनं रिकामी टोपली मांडीवर ओढून घेतली. दोन तास आम्ही तशाच बसून होतो. सोनी मेली तर मी मारली, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

सोनी वाचली. दोन दिवसांनी घरी आणली तेव्हा शेजारपाजारच्या बाया जमल्या. जमुना सगळ्यांसमोर म्हणाली, "पयले रगत ताईनंच पाह्यलं, म्हणून कळलं." सासूबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

तिनं चारचौघींत मला नावं ठेवली असती, तर मला तिच्यावर जन्मभर निवांत जळता आलं असतं. तेवढंही तिनं माझ्यासाठी ठेवलं नाही.