जागेवर थांबलेला पारा

आमच्या मेहकरात कोंबड्या बाईच्या असत. बैल, शेळ्या, कडबा सगळं बाप्यांचं, पण खुराड्यावर हक्क बाईचा. अंड्यांवर जे मीठ, तेल, मिसरी येई ते तिचं, आणि त्याबद्दल तिला कुणी विचारत नसे. माझी थोरली बहीण, जिला आम्ही अक्का म्हणायचो, नवरा वारल्यावर माहेरी परतली तेव्हा एका दुरडीत झाकून तिच्या कोंबड्या तेवढ्या घेऊन आली होती. दोन वर्षांत तिनं परसातलं खुराडं भरून टाकलं.

आमच्यात विधवेचा पाट लावतात, दुसरं लग्न करून देतात. आमच्या वडलांना, अप्पांना, तो लावायचा होता. ठाणाकुशनूरकडच्या एका बिजवराचा निरोप आला होता. माणूस वयानं अप्पांच्या जवळपासचा, घरात पहिलीची लेकरं. अक्काला जायचं नव्हतं. ती रडत नसे, भांडतही नसे. चुलीकडं बघत एकच बोलायची.

"मी कुणाच्या ताटातलं खायलेय का? माझं मीठमिरची माझ्या कोंबड्या घालतेत. मग मला कामून धाडायलाव?"

खुराडं भरलेलं होतं तोवर अप्पांनी होकार धाडला नाही.

मग त्या साली कोंबड्यांना मर लागली. सकाळी खुराडं उघडावं तर माना टाकून पडलेल्या. आठवड्याभरात परस मोकळं झालं. दोन कोंबड्या आणि एक कोंबडा उरला. अप्पांनी ठाणाकुशनूरला पुन्हा निरोप धाडला. अक्कानं संक्रांतीपर्यंत मुदत मागून घेतली. तोवर खुराडं भरलं तर कुणी विषय काढायचा नाही, असं अप्पा कबूल झाले. त्यांना वाटलं असणार, दोन कोंबड्यांवर काय भरतंय.

मी तेव्हा बीदरला शिकून गावातल्या निजाम सरकारच्या उर्दू शाळेत नुकताच मास्तर झालो होतो. बीदरला एका प्रदर्शनात मी अंडी उबवायची पेटी बघितली होती. खाली दिवा, वर अंडी, कोंबडी नाहीच. तिथल्या माणसानं सांगितलेलं मी ध्यानात ठेवलं होतं. ऊब शंभराच्या थोडी वर हवी, आत पाण्याची वाटी हवी, अंडी रोज उलटवायला हवीत. मी अक्काला म्हटलं की एका कोंबडीच्या पंखाखाली मावून मावून किती मावणार, पेटीत परसभर पिल्लं निघतील. ती हसली.

"कोंबडीबिगर पिल्लं? मास्तर, तुज्या शाळेत हेच शिकवायलास का?"

पण तिचे डोळे हसत नव्हते. तिनं त्याच दिवसापासून अंडी जमवायला घेतली. खुरपणीची म्हणून मिळालेली ज्वारी देऊन तिनं वाड्यावस्तीवरून अंडी आणली. नेमकी तेव्हाच तिची एक कोंबडी खुडूक झाली, अंडी द्यायची थांबून बसू लागली. अक्का म्हणाली, थोडी अंडी हिच्याखाली ठेवू का? मी नको म्हटलं. ती बसली तर महिना-दोन महिने अंडं देणार नाही, तिचा खुडूक मोड, पेटी भरू दे. अक्कानं माझ्या शब्दाखातर कोंबडी थंड पाण्यात बुचकळली, तिचंच पीस तिच्या नाकातून ओवलं. दोन दिवसांनी ती बसायची विसरली.

पेटी मी मन लावून केली होती, हे खोटं नाही. चहाच्या मोठ्या खोक्यात लहान खोकं बसवलं, मधल्या फटीत तुरीचा भुसा ठासला. तळाला रॉकेलच्या डब्याचा पत्रा, त्याखाली रॉकेलची चिमणी. धूर बाहेर जायला बाजूला पन्हळी. झाकणात एका फुटक्या तसबिरीची काच बसवली, आतला पारा दिसावा म्हणून. अंड्यांवर कोळशानं एका अंगाला फुली आणि दुसऱ्या अंगाला गोळा काढला, उलटवताना चुकू नये म्हणून. राहिली ती ऊब मोजायची गोष्ट. तसली पाऱ्याची काडी, थर्मामीटर, कुठं मिळते ते मला ठाऊक नव्हतं. भालकीच्या दवाखान्यातून मी ताप बघायची काडी मागून आणली. पारा तो पारा, असं मला वाटलं.

पहिल्या दिवशी पारा शंभराच्या वर जाऊन थांबला. मी अक्काला काचेतून ती रेघ दाखवली. तिला अक्षर येत नव्हतं, पण ती रेघ तिनं ओळखून ठेवली. एरवी ती अंड्यांवरून हात फिरवून सगळं सांगायची. मी तिला बजावलं होतं की झाकण उघडायचं नाही, हात घालायचा नाही, ऊब जाते. तिनं ऐकलं. अंडी मीच उलटवायचो. शेण काढून झालं की ती पदराला हात पुसायची, काचेवर वाकायची आणि म्हणायची, "हाय. जागेवर हाय."

लढाईचे दिवस होते. रॉकेल चिठ्ठीवर मिळायचं, तेही मिळालं तर. मी एकदा वात थोडी खाली केली. पारा हलला नाही. आणखी खाली केली, तरी हलला नाही. मला माझ्या पेटीचा गर्व चढला. शाळेतल्या लोकांना घरी आणून मी ती दाखवायचो, एवढ्याशा ज्योतीवर बघा, रेघ ढळत नाही. झाकण उघडलं की माझ्या बोटांना आत गार लागायचं. मी ते बाहेरच्या थंडीचं समजायचो. काच डोळ्यांसमोर असताना बोटांचं कोण ऐकतो.

पिल्लं निघायची वेळ आली त्या सकाळी काडीवर काजळी धरली म्हणून मी ती पुसायला बाहेर काढली आणि खिडकीत ठेवून अंघोळीला गेलो. थंडी अशी होती की रांजणाला हात लाववत नव्हता. परत आलो तर पारा तिथंच. मी काडी रांजणातल्या पाण्यात बुडवली. पारा तिथंच. तापाची काडी झटकल्याशिवाय उतरत नाही, हे मला तेव्हा कळलं. पहिल्या दिवसापासून ती मला एकच दिवस दाखवत होती.

मी काडी पुसली आणि पेटीत परत ठेवली.

अक्का कोमट पाण्याची परात घेऊन आली. आत जीव असला की अंडं पाण्यात आपोआप डुलतं, बाया असंच बघतात. माय उंबऱ्यात उभी होती, अप्पा ओट्यावर. अक्कानं एकेक अंडं पाण्यात सोडलं. पाणी हललं, मग थांबलं. एकही अंडं डुललं नाही. मग एक अंडं तिनं फोडलं आणि लगेच पदर नाकाला लावला.

मायनं माझ्याकडं बघितलंही नाही.

"पोरानं एवढी मेहनत केली. रोज तूच वाकायलीस त्याच्यावर. नवऱ्याला खाल्लीस, आता अंड्यावर कशाला सावली टाकायलीस?"

माझ्या तोंडात बोलणं होतं. रांजण तिथंच होता, काडी तिथंच होती, बुडवून दाखवायला एवढासा वेळ लागला असता. पण ओट्यावर अप्पा होते, शाळेतल्या ज्या लोकांना मी पेटी दाखवली होती ते उद्या विचारणार होते, आणि मी मास्तर होतो. मी म्हणालो, "होतं असं कधी कधी." अक्कानं माझ्याकडं बघून मान हलवली, जणू मी तिची बाजू घेतली होती.

संक्रांतीनंतर पाट लागला. मीठमिरचीचं बोलणं तिनं पुन्हा काढलं नाही. गाडीत बसताना तिनं मला जवळ बोलावलं.

"पारा तर जागेवर हुता की रं?"

मी म्हणालो, "व्हय."

नंतर मी फार थोड्या वेळा ठाणाकुशनूरला गेलो. शेवटचा गेलो तेव्हा निजामाचं राज्य जाऊन वर्षं लोटली होती, माझे केस पांढरे होऊ लागले होते. दर वेळी वाटेत ठरवायचो की आज सांगायचं. अक्काच्या परसात कोंबड्या होत्या, पण तिच्या नव्हत्या, सावत्र लेकीच्या होत्या. एक खुडूक झाली होती. अक्कानं टोपलीत भुसा पसरला, अंडी निवडली, सुपात मांडली. मग हात पदराखाली घेऊन मागं सरली आणि लेकीला हाक मारली.

"तू ठिव ग. माजा हात न्हाई चांगला." माझ्याकडं वळून ती हसली. "मास्तरला ठावं हाय."

लेकीनं अंडी ठेवली. मी चहा पिऊन संध्याकाळच्या आत निघालो.