ढेपेच्या दुकानातलं फुकट नेट

फुकट इंटरनेट देणारी माणसं आता गल्लोगल्ली सापडतात, पण फुकट इंटरनेट घेणाऱ्याला इतका त्रास देणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात आमच्या साडूंशिवाय दुसरा नसेल. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी अमरावतीचा, ते अकोल्याचे. जुन्या बाजाराच्या तोंडाशी त्यांचं सरकी-ढेपेचं दुकान आहे. गाईम्हशींचं खाणं विकणाऱ्या या माणसाला खरं वेड माणसांचं. रस्त्याने जाणारा कोणीही असो, त्याला हाक मारून आत बसवल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. एकदा विजेचं मीटर पाहायला आलेल्या माणसाला त्यांनी गप्पांत असं घोळवलं, की तो मीटर न पाहताच निघून गेला, आणि दुसऱ्या दिवशी मीटर पाहायला परत आला तेव्हा पुन्हा तेच झालं.

दुकानात गादीसमोर एक लांबलचक लाकडी बाक आहे. पूर्वी पातूर-बार्शीटाकळीकडचे शेतकरी ढेपेची पोती बांधून झाली तरी एसटीची वेळ होईस्तोवर तिथे बसायचे. कोणाच्या म्हशीने कोणाचा कडबा खाल्ला इथपासून कोणाची सोयरीक कशावरून मोडली इथपर्यंत सगळा कारभार त्या बाकावर चालायचा. मग शेतकऱ्यांची पोरं मोबाईलवरूनच ढेप सांगू लागली आणि मालवाहू ऑटो परस्पर पोती नेऊ लागले. विक्री होती तेवढीच राहिली, बाक मात्र रिकामा पडला आणि साडू वाळायला लागले. अमरावतीला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाने सरळ सांगितलं, की बाबा, दिवसभर एकट्याने भिंतीकडे पाहत बसण्यापेक्षा दुकान भाड्याने देऊ आणि तुम्ही दोघं माझ्याकडे या. साडूंनी दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली. ज्या दुकानात कोणी टेकत नाही ते दुकान नव्हे, गोदाम, असं ते स्वतःच जन्मभर सांगत आले होते, त्यामुळे वाद घालायला त्यांना तोंडच उरलं नव्हतं.

अशा पडत्या काळात ते माझ्या मेव्हणीबरोबर, म्हणजे स्वतःच्या बायकोबरोबर, अमरावतीला साड्यांच्या एका मोठ्या दुकानात गेले. तिथे भिंतीवर फुकट वायफायची पाटी होती आणि पाटीखाली ओळीने नवरे बसले होते. बायका साडीवर साडी उलगडत होत्या आणि एकही नवरा कुरकुर करत नव्हता, घड्याळ पाहत नव्हता. साडूंनी जन्मात असं दृश्य पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मेव्हणीने कोणती साडी घेतली ते त्यांना आजही सांगता येणार नाही, पण नवरे किती गुमान बसले होते त्याचं वर्णन ते मला संध्याकाळभर ऐकवत होते. माणूस बसवायचा असेल तर ढेप कामाची नाही, वायफाय पाहिजे, हे त्यांनी तिथेच ठरवलं.

आमच्याकडे अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पाणपोया सुरू होतात. साडूंनी वायफायही अखजीलाच सुरू केलं, कारण त्यांच्या मते दोन्ही गोष्टी एकच. दुकानाबाहेरच्या पाणपोईच्या माठाला हळदकुंकू लागलं तसं आतल्या राउटरलाही लागलं. अकोल्याचा उन्हाळा माणसाला सोसत नाही तर यंत्राला काय सोसणार, म्हणून दुकानातला एकुलता कूलर राउटरकडे वळवण्यात आला आणि गिऱ्हाइकांच्या हातात पुठ्ठे देण्यात आले. मी घाम पुसत तक्रार केली तेव्हा मशीन तापलं की नेट पातळ होतं, असं त्यांनी मला समजावलं.

पासवर्डाची पाटी लावायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. घरी आलेल्याला कोणी पाणी कुठे आहे याची पाटी दाखवतं का, असा त्यांचा सवाल होता. तुम्ही यायचं, बाकावर टेकायचं, पाणी प्यायचं, मग साडू तुमचा मोबाईल स्वतःच्या हातात घेणार, चष्मा नाकावर ओढणार आणि एका बोटाने एकेक अक्षर शोधत पासवर्ड घालणार. तेवढ्या वेळात तुमचं गाव कोणतं, तिकडे पाऊस कसा आहे, घरी कोण कोण असतं, हे सगळं विचारून होतं. मोबाईल त्यांच्या मुठीत असल्यामुळे उठून जायची सोय नाही. स्क्रीनवर घरातल्या एखाद्या मुलीचा फोटो दिसला की तिच्या सोयरिकीची चौकशी होऊन पासवर्ड आणखी लांबायचा. समोरच्या केशकर्तनालयातल्या लोकांनी एकदा पासवर्ड मिळवला आणि तोंडाला साबण लावून तिकडूनच नेट वापरायला सुरुवात केली, तेव्हा साडूंचा संताप झाला. आपली पाणपोई आणि लोक घागरी भरून नेतात म्हणजे काय! त्यांनी रस्त्याच्या बाजूला ढेपेच्या पोत्यांची छतापर्यंत थप्पी रचली. नेट त्या थप्पीला अडलं आणि दुपारपर्यंत अर्धी दाढी झालेले दोघे बाकावर येऊन बसले.

बाक भरला, उतू गेला. पण साडूंच्या लक्षात एक गोष्ट आलीच नव्हती. साड्यांच्या दुकानातले नवरे नुसते बसले नव्हते, ते गप्पही बसले होते. आता साडूंच्या दुकानात दिवसभर माणसं खाली माना घालून बसायची आणि त्यांनी काही विचारलं तर हूं म्हणायची. मेव्हणी डबा घेऊन आली, पाहून गेली आणि मला फोनवर म्हणाली, "अवं, थे दुकान हाये का कोनाच्या दहाव्याले बसले लोकं?"

यावर साडूंनी जो उपाय काढला तो मला एका लग्नाच्या निमित्ताने अकोल्याला गेलो तेव्हा कळला. मी गादीवर त्यांच्या शेजारीच बसलो होतो. बाकावर नेहमीची शांतता. साडूंनी जांभई दिली आणि पाय लांब केला. गादीखाली विजेचा बोर्ड होता. त्याचं बटण त्यांनी अंगठ्याने अलगद दाबलं आणि राउटरचा हिरवा दिवा विझला. क्षणात बाकावरची सगळी डोकी वर आली. साडू निरागस तोंडाने म्हणाले, "गेलं वाटते. हे कंपनीवाले, बाप्पा, यायचं काही खरं नाही." मग कंपनीवाल्यांना शिव्या सुरू झाल्या, त्यावरून सोयाबीनचा विषय निघाला, सोयाबीनवरून कोणाचा तरी व्याही निघाला, चहा आला आणि पूर्वीचा बाक जसाच्या तसा परत आला. गप्पा रंगून ओसरायला लागल्या की अंगठा पुन्हा बटणावर आणि नेट परत. मी डोळे वटारले तर ते माझ्या कानात म्हणाले, "तोंडं पाहा न त्यायची. कसे खुलले."

खरं सांगायचं तर मलाही ती चलाखी फार आवडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहायला मिळावी म्हणून मी बायकोला थापा मारून मुक्काम वाढवला. त्या दिवशी बाकाच्या टोकाला एक मुलगी बसली होती. मूळची नांदगाव खंडेश्वरची, शिकायला अकोल्यात खोली घेऊन राहणारी. साडूंनी पासवर्ड घालताना ही माहिती काढलीच होती. साडूंचा अंगठा पडला, डोकी वर आली, गप्पा सुरू झाल्या. ती मुलगी तेवढी गप्प होती. ओठ घट्ट मिटून मोबाईलकडे पाहत होती. साडूंनी काय झालं माय म्हणून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "काकाजी, शेतकी कॉलेजचा फारम भरून रायली होती. आज आखरी दिवस हाये. सगळा भरला होता, अन् गेला."

साडूंचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. त्यांचा पाय आपोआप बटणावर गेला, पण घाबरल्यामुळे ते चालू होऊन पुन्हा बंद झालं. शेवटी ते गादी उचलून हाताने बटण दाबायला बसले आणि सगळ्यांसमोर बोर्ड उघडा पडला, तरी त्यांना भान नव्हतं. दिवा लागल्यावर त्यांनी बाकावरच्या एकूणएक माणसाला मोबाईल बंद करायला लावला, म्हणजे सगळं नेट एकट्या पोरीला जाईल. पुठ्ठा घेऊन ते स्वतः तिला वारा घालत उभे राहिले. ती पहिल्यापासून एकेक रकाना भरत होती आणि तोवर दुकानात कोणी खोकलंसुद्धा नाही. अर्ज पोचला. ती उठली, साडूंच्या पाया पडली आणि म्हणाली, "तुमच्यामुळं झालं, काकाजी." साडूंनी तिला आशीर्वाद दिला, पण तिच्याकडे वर मान करून पाहवलं नाही त्यांना. ती गेल्यावर ते पोत्यांमागे जाऊन बराच वेळ उभे होते.

त्याच संध्याकाळी त्यांनी माणूस बोलावून बोर्ड पार छताजवळ, हात पोचणार नाही असा लावून घेतला. दिवाळीत मुलगा आला, भरलेला बाक पाहून त्याने दुकान भाड्याने देण्याचा विषय काढलाच नाही. उलट स्वतःचा मोबाईल जोडून तोही टोकाला टेकला. साडूंना जे वाचवायचं होतं ते वाचलं.

परवा मी पुन्हा गेलो होतो. बाक गच्च भरलेला आणि सगळ्यांच्या माना खाली. नेट आता एकदाही जात नाही. साडू हात मांडीवर ठेवून गादीवर बसले होते. मला राहवलं नाही. मी हळूच विचारलं, की भाऊ, दिवसभर असं मुकाट बसून करमतं का तुम्हाला?

"नाही करमत," ते म्हणाले. "पन बसले त हायेत."

आणि घरातली सगळी निजल्यावर घरधनी अंथरुणांवरून नजर फिरवतो, तशी त्यांनी बाकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. मी त्यांच्या शेजारी सरकून नुसता बसून राहिलो.